गळ्यातली गाठ आणि केसपेपरवरच्या दोन ओळी

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय, अकोला
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावती

विषय : मानेतल्या गाठीची हकीकत सुई टोचण्याआधी विचारण्याबाबत

सन्माननीय अधिष्ठाता,

मूर्तिजापूर भागात जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला अकोला काय आणि अमरावती काय, दोन्ही सारखीच. पेशंट अकोल्याच्या ‘सर्वोपचार’ला पाठवायचा की अमरावतीच्या ‘इर्विन’ रुग्णालयात, हे आजारापेक्षा त्याची बहीण कुठं दिली आहे यावर जास्त ठरतं. मुक्कामाची आणि डब्याची सोय तिच्याकडं असते. म्हणून हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे. जाहीर अशासाठी, की यातलं मागणं आमच्यासारख्या तालुक्यातल्या डॉक्टरांनाही तितकंच लागू आहे, आणि गाठ घेऊन फिरणाऱ्या एखाद्या माणसाच्या हातीही हे पडलं तर बरंच.

मागणं लहान आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या बाजूला गाठ घेऊन माणूस आला, तर तिच्यात सुई टोचण्याआधी, आणि टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी तर नक्कीच, त्याची हकीकत नीट विचारली जावी, केसपेपरवर लिहिली जावी आणि गाठीची डॉप्लर सोनोग्राफी व्हावी. अशा गाठींमध्ये क्वचित एखादी अशी निघते की तिचा लसीकाग्रंथीशी काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला बिलगून ती वाढलेली असते. पुस्तकात तिला कॅरोटिड बॉडी ट्यूमर म्हणतात.

वऱ्हाडात मानेत गाठ दिसली की पहिला संशय टीबीचा, आणि तो वावगा नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत मानेच्या ग्रंथींचा टीबी नेहमी दिसणारा. म्हाताऱ्या माणसांना गंडमाळ ठाऊक असते, त्यांना आणखी समजावून सांगावं लागत नाही. दुसरा संशय खर्ऱ्यानं होणाऱ्या कॅन्सरचा. पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू दिवसभर गालात धरणाऱ्या माणसाच्या मानेत गाठ आली, तर तोंड उघडून पाहिल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर पुढं जात नाही. हे दोन संशय इतके मोठे आहेत की तिसऱ्याची आठवणच राहत नाही.

तिसरा आहेही विरळा. तीस हजारांत एक, असा एक ढोबळ अंदाज पुस्तकांत सापडतो. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार आणि अकोल्याची १८ लाख १३ हजार होती. अंदाज खरा धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून दीडशेच्या आसपास माणसं ही गाठ घेऊन वावरत असतील. दीडशे माणसांसाठी सगळ्या ओपीडीची घडी बदलायची का, असं कुणी विचारेल. पण या गाठीसाठी जे प्रश्न विचारायचे, तेच टीबीच्या, खर्ऱ्याच्या कॅन्सरच्या, लिम्फोमाच्या गाठीलाही विचारायचे असतात. विरळ आजाराच्या निमित्तानं नेहमीच्या आजारांची हकीकतही सुधारेल.

माझ्याकडं आलेल्या एका बाईंचं सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही बदलले आहेत. बाई पन्नाशीच्या, शेतमजूर. आल्या होत्या खोकल्यासाठी. स्टेथोस्कोप लावताना पदर सरकला आणि डाव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, लिंबाएवढी गाठ दिसली. वरच्या कातडीवर जुना काळा डाग होता, बिब्बा लावल्याचा. वऱ्हाडात असा डाग म्हणजे अर्धी तारीखच असते.

गाठीबद्दल विचारल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. सुईची तपासणी दोनदा झालेली. दोन्ही रिपोर्टांत एकच मजकूर: नमुन्यात फक्त रक्त, पेशी अपुऱ्या, तपासणी पुन्हा करावी. तिसऱ्यांदा टोचून घ्यायला बाई गेल्या नाहीत. मग कुठल्याशा दवाखान्यात ‘टीबीच असेल’ म्हणून सहा महिन्यांचा कोर्स दिला गेला. बाईंनी एकही दिवस न चुकवता तो पुरा केला. पोषणाचे पैसेही खात्यात जमा झाले. गाठ होती तेवढीच राहिली. पहिल्या केसपेपरवर हकीकतीच्या जागी दोन ओळी होत्या: मानेच्या डाव्या बाजूला गाठ, सहा महिन्यांपासून, दुखत नाही. कौटुंबिक इतिहास: काही विशेष नाही.

‘सहा महिने’ कुठून आलं ते मला माहीत आहे. ओपीडीत शंभरावा पेशंट समोर असतो, इंटर्न विचारतो ‘कधीपासून?’, आणि पेशंट म्हणतो ‘झाले पाच-सहा महिने’. दवाखान्यात यायचं ठरवून झालेले ते पाच-सहा महिने असतात. आमच्याकडची माणसं तारखेनं काळ मोजत नाहीत. तेव्हा मी विचारलं, मोठ्या पोरीच्या लग्नात होती का गाठ?

“होती ना जी. बारकी होती, बोराएवढी.”

“आणि नोटाबंदी झाली तेव्हा?”

“तवाबी होती. त्याच्याही आदी असंन. दुखत नाई तं कायले दाखवू जी?”

मग आधार कार्ड मागितलं. कार्डावरचा फोटो जुना, धुरकट, पण जबड्याची डावी कड उजवीपेक्षा भरलेली स्पष्ट दिसत होती. सहा महिन्यांची दहा-बारा वर्षं झाली. टीबीची ग्रंथी इतकी वर्षं एका जागी, न दुखता, न फुटता, ताप न आणता बसून राहत नाही. कॅन्सरची तर नाहीच नाही. त्या एका उत्तरानं दोन्ही मोठे संशय निम्म्यावर आले, आणि त्याला खर्च काही आला नव्हता. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात असतं. विद्यार्थ्यांना ते मागायला शिकवा, एवढं जाता जाता सुचवतो. पुरुषांच्या बाबतीत दाढी करताना हाताला कधी लागली ते विचारावं, शर्टाचं वरचं बटण लागेनासं कधी झालं तेही.

आता ही गाठ नेमकी कशाची, ते थोडक्यात. आपल्याला ते ठाऊकच आहे, पण पत्र जाहीर आहे. मानेतून वर जाणाऱ्या मुख्य धमनीला कंठाच्या उंचीवर बेचकं फुटतं: एक फांदी मेंदूकडं, दुसरी चेहऱ्याकडं. त्या बेचक्याच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो, दोन्ही बाजूंना एकेक. रक्तातला ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, यावर त्याची नजर असते. ऑक्सिजन उतरला की तो मेंदूच्या देठाला कळवतो आणि श्वास वाढतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात माद्रिदच्या फर्नांडो दे कास्त्रोनं त्याच्या मज्जातंतूंची रचना पाहून हे रक्त चाखणारं इंद्रिय असावं असं मांडलं. बेल्जियममधल्या गेंटच्या कॉर्नेल हेमान्सनं श्वासाशी त्याचा संबंध प्रयोगांनी दाखवला आणि त्याला १९३८ सालचं नोबेल मिळालं. दे कास्त्रोच्या वाट्याला काही आलं नाही. विज्ञानातही वशिला नसला तरी नशीब असतंच.

उंच पठारांवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांत हा अवयव मोठा होतो. पेरू, बोलिव्हिया, मेक्सिको, कोलंबिया इथल्या डोंगरी शहरांतले सर्जन या गाठी आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पाहतात, आणि त्यांच्याकडं बायकांमध्ये त्या ठळकपणे जास्त दिसतात. सततच्या विरळ हवेनं तो अवयव वर्षानुवर्षं कामाला जुंपलेला असतो. आपलं चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, त्यानं असं काही होत नाही. तरी पेशंट वऱ्हाडातला आहे म्हणून तो जन्मभर वऱ्हाडातच राहिला असेल असं धरू नये. कुठं नोकरी केली, किती वर्षं, किती उंचीवर, श्वासाचा किंवा हृदयाचा जुना विकार आहे का, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं.

लक्षणांच्या बाबतीत ही गाठ फार कंजूष. बहुतेकांना ‘गाठ आहे’ याशिवाय सांगायला काहीच नसतं. वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वाढते, दुखत नाही, म्हणून कापूस वेचून होईपर्यंत, मग तूर निघेपर्यंत, मग लग्नसराई आटपेपर्यंत ती दाखवायची राहते. पण तिच्या शेजारून मेंदूतून निघालेल्या शेवटच्या चार मज्जातंतूंची वाट जाते, आणि ती मोठी झाली की त्यांना ढकलते. तेव्हा पेशंट सांगतो, पण गाठीची तक्रार म्हणून सांगत नाही. आवाज बसला तर तो ‘काल थंड पेलं’ म्हणतो. पाणी पिताना ठसका लागतो, घास अटकतो, याचं खापर पित्तावर फोडतो. जीभ एका बाजूला वळते हे त्याला स्वतःला कळतही नाही, बायको सांगते की बोलणं जरा बोबडं झालंय. पापणी किंचित उतरलेली असते आणि तिच्याखालची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान असते, त्याला तर कुणी मोजत नाही. काहींना कानात ठोक्यासरशी घूं घूं ऐकू येतं. क्वचित डोक्यावर भारा घेतला किंवा मान एकदम फिरवली की डोळ्यांपुढं अंधारी येते. गाठ आतल्या बाजूला वाढली तर टॉन्सिल आत ढकललेला दिसतो आणि टॉन्सिल सुजला म्हणून औषधं सुरू होतात.

आणखी एक प्रश्न असा आहे की तो विचारला नाही तर टेबलावर माणूस जाऊ शकतो. या गाठींपैकी थोड्या, शंभरात एक ते तीन, ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं रक्तात सोडतात. असा पेशंट सांगतो की एकाएकी डोकं ठणकतं, पसिना सुटतो, जीव घाबरा होतो, अर्ध्या तासानं सगळं निवतं. त्याचं बीपी गोळ्यांना जुमानत नाही. बऱ्याचदा तो आमच्याकडं घबराटीचा पेशंट म्हणून वर्षानुवर्षं येत असतो. भुलीच्या डॉक्टरांना हे आधी माहीत असेल तर लघवीतली किंवा रक्तातली मेटानेफ्रिन तपासून, औषधं देऊन त्याची तयारी करता येते. माहीत नसेल तर सर्जननं गाठीला हात लावताच बीपी आभाळाला भिडतं.

तपासणीचं एक सांगतो, कारण ते पुस्तक वाचून येत नाही, हातानंच येतं. पेशंटच्या मागं उभं राहून त्याची हनुवटी गाठीच्या बाजूला किंचित वळवायची, म्हणजे मानेचा मोठा स्नायू ढिला पडतो. मग गाठ अंगठा आणि दोन बोटांत धरायची. ही गाठ पुढं-मागं, आडवी हलते, वर-खाली हलत नाही. धमनीला चिकटलेली असल्यानं उभी सरकायला तिला जागाच नसते. फ्रेंच सर्जन फोंतेनच्या नावानं ही खूण ओळखली जाते. बोटांना ठोका लागतो. हळू दाबून धरली तर थोडी बसते आणि सोडल्यावर ठोक्या-ठोक्यानं पुन्हा भरते. स्टेथोस्कोप ठेवला तर कधी कधी फुसफुस ऐकू येते. दोन्ही बाजू एकाच वेळी दाबायच्या नाहीत, आणि चोळायची तर मुळीच नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मग जीभ बाहेर काढायला सांगायची, ‘आ’ म्हणायला लावायचं, आवाज ऐकायचा, डोळे पाहायचे. बाईंची जीभ सरळ होती, आवाज शाबूत होता, गाठ आडवी हलत होती आणि बोटांखाली उडत होती. दोनदा सुई टोचूनही फक्त रक्त का आलं, याचं उत्तर तिथंच होतं.

सुईनं दर वेळी अनर्थ होतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी बारीक सुई टोचली गेली आहे आणि पेशंट चालत घरी गेला आहे. पण मिळतं काय? रक्त, आणि ‘पुन्हा करा’. त्याहून भीती आहे ती ‘छोटीशी ग्रंथी आहे, भूल देऊन काढून टाकू’ या धाडसाची. लहान थिएटरात, रक्ताची सोय नसताना या गाठीवर चाकू ठेवणं म्हणजे काय, ते इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. १८८० साली राइग्नरनं ही गाठ काढायचा पहिला प्रयत्न केला, रुग्ण दगावला. १८८६ साली मायडलचा रुग्ण वाचला, पण अर्ध अंग गेलं आणि वाचा गेली. १८८९ साली आल्बर्टनं धमनी न बांधता गाठ सोडवून काढली, तेव्हा कुठं हे जमतं असं दिसलं. आज सीटी अँजिओग्राफीत बेचक्याच्या दोन फांद्या गाठीनं फाकवलेल्या आधीच दिसतात, आणि गाठ धमनीला किती वेढून बसली आहे त्यावरून १९७१ सालच्या शॅम्ब्लिनच्या तीन पायऱ्यांमध्ये तिची जागा ठरते. पहिल्या पायरीची गाठ सरळ सुटते, तिसरीला धमनीचा तुकडा बदलायची तयारी ठेवावी लागते. म्हातारा पेशंट, लहान गाठ, त्रास काही नाही, असं असेल तर वर्षाला एक स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवणंही वैद्यकच आहे. हा निर्णय धमन्यांचं काम करणाऱ्या सर्जनचा. आमचं काम एवढंच की त्यांच्या हाती पोहोचेपर्यंत गाठीला कुणी छेडू नये.

बाईंची डॉप्लर झाली, अँजिओग्राफी झाली, निदान झालं. त्याआधी मी केसपेपरवरची दुसरी ओळ तपासून पाहिली. ‘कौटुंबिक इतिहास: काही विशेष नाही’. घरात कुणाला अशी गाठ होती का, असं विचारल्यावर बाई नाही म्हणाल्या. पन्नाशीच्या बाईला ‘घरी’ विचारलं की ती नवऱ्याच्या घरचं सांगते. म्हणून माहेरचं विचारलं.

“आत्याले होती ना. साऱ्या गावानं पाह्यली. ते तसंच घेऊन गेली.”

“आणि वडिलांना?”

वडिलांच्या गळ्यात बारा महिने उपरणं असायचं, उन्हाळ्यातही. खाली काय होतं ते लेकीनं कधी पाहिलं नव्हतं.

या आजाराच्या साधारण तिघांतल्या एका रुग्णात वारसा सापडतो, आणि दोन्ही बाजूंना गाठ असेल तर संशय आणखी बळावतो. सगळ्यांत जास्त वेळा दोष असतो तो एसडीएचडी नावाच्या जनुकात. तो २००० साली उजेडात आला. त्याच्या वारशाची रीत मोठी विलक्षण आहे. दोष वडिलांकडून आला तरच गाठ होते. आईकडून आला तर तो अंगात राहतो, पण जवळजवळ कधीच गाठ करत नाही. त्या आईचा मुलगा ठणठणीत म्हातारा होतो आणि त्याच्या लेकरांना मात्र धोका असतो. म्हणजे एक पिढी कोरी जाते आणि आजार पुन्हा वर येतो. ‘काही विशेष नाही’ असं लिहून मोकळं होणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी तीन पिढ्यांचं झाड काढावं लागतं, माहेर-सासर वेगळं लिहून.

बाईंना काळजी होती स्वतःच्या दोन पोरांची. त्यांना सांगितलं की पोरांना स्वतःला गाठ होण्याची शक्यता फार कमी. नातवंडांच्या वेळी मात्र हे लक्षात ठेवा. आधी तुमच्या भावाला घेऊन या, आणि त्याच्या लेकरांना. भाऊ आला, कुरकुरत. त्याच्या मानेला हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीत उजव्या बेचक्यात दीड सेंटिमीटरची गाठ निघाली. पहिल्या पायरीची. नात्यातल्या लग्नामुळं हे झालं का, असं त्यानं विचारलं, कारण त्यांच्याकडं मामाची पोरगी करायची चाल आहे. तसं नाही. दोषाची एकच प्रत पुरे होते, लग्न नात्यात असो की परक्यात. हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर दोष सुनेच्या माथी जातो.

ऑपरेशन एका मोठ्या शहरात झालं, चांगलं झालं. धमनी शाबूत, जीभ सरळ, आवाज थोडे दिवस घोगरा. पण महिन्याभरानं बाई आल्या त्या वाळून. जेवणच बंद केलं होतं.

“पयल्या घासाले कानापाशी अशी कळ येते का नाई, डोयातून पानी येते. दुसऱ्या घासाले काई नाई. मले वाटलं, गाठ पुन्हा आली.”

हा या ऑपरेशननंतरचा ठरीव त्रास आहे. पहिल्या घासाला लाळग्रंथी जोरात आवळते आणि कळ येते, पुढच्या घासांना ती ओसरते. ग्रंथीकडं जाणारे सिम्पथेटिक तंतू ऑपरेशनच्या जागेवरूनच जातात. काहींचा हा त्रास काही महिन्यांत कमी होतो, काहींचा रेंगाळतो, त्यावर औषधं आहेत. डिस्चार्ज कार्डावर याची एक ओळ असती तर बाईंनी महिनाभर भाकरीकडं पाठ केली नसती. दोन्ही बाजूंची ऑपरेशनं झालेल्यांचं बीपी एकदम चढतं-उतरतं, कारण ते सांभाळणाऱ्या तारा त्याच बेचक्यातून जातात. तेही गावच्या डॉक्टरला आधी कळायला हवं, नाहीतर तो गोळ्या वाढवत बसतो. आम्ही रेफरची चिठ्ठी पाठवतो तेव्हा परतीची चिठ्ठीही यावी: कुठल्या मज्जातंतूला धक्का लागला, दुसऱ्या बाजूची स्थिती काय, भावाबहिणींपैकी कुणाला बोलवायचं.

आपल्याकडं साधनं नाहीत असं कुणी म्हणू नये. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंड बदललं जातं, अकोल्याच्या महाविद्यालयाला २००२ पासूनची बैठक आहे. पैशाचं म्हणाल तर जीवनदायी योजना २०१२ साली राज्यात पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होतं. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे, पण माणसं अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. कुठल्या गाठीची कुठं सोय होते याची एक पानाची यादी तालुक्याच्या डॉक्टरांना मिळाली तर पेशंट नागपूरच्या गाडीत उगीच बसणार नाही.

उरतो प्रश्न विचारण्याचा. आपल्याकडं येणारी काही मुलं-मुली मुंबई-पुण्याची आहेत, काही परराज्यांतली आहेत. त्यांना समोरच्या बाईचं बोलणं पहिल्या वर्षी कळत नाही, आणि अकोल्यात ओपीडीतली पुष्कळ माणसं उर्दूत बोलतात, धारणी-चिखलदऱ्याची माणसं कोरकूत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्यानं खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत असा कार्यक्रम आणला आहे. तो कागदावर उंची-वजन भरून संपवण्यापेक्षा, प्रत्येकानं आपल्या कुटुंबांचं तीन पिढ्यांचं झाड काढावं: कोण कशानं गेलं, कुणाच्या गळ्याला काय होतं, माहेरी काय, सासरी काय. अमरावतीला २०२४ साली शंभर जागांची पहिली तुकडी आली. तिला अजून कुठलीच वाईट सवय लागलेली नाही, तेव्हा सुरुवात तिथून होऊ शकते. परीक्षेत लांब केसच्या गुणांपैकी काही या झाडाला ठेवले की ते आपोआप काढलं जाईल. गुणांशिवाय विद्यार्थी काही काढत नाहीत, आम्हीही काढत नव्हतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बाईंनी विद्यार्थ्यांसमोर बसून आपली हकीकत सांगायला होकार दिला आहे. भाऊही येईल म्हणतो. दोघांची एकच अट आहे, वेचणीच्या दिवसांत बोलावू नका. शिवरात्रीनंतरचा कुठलाही दिवस चालेल. एसटीत बाईंना अर्धं तिकीट पडतं, भावाला पूर्ण. ते आणि दोघांची एका दिवसाची मजुरी महाविद्यालयानं द्यावी, एवढी विनंती मी त्यांच्या वतीनं करतो. तारीख कळवावी.

आपला,
मूर्तिजापूर भागातला एक जनरल प्रॅक्टिशनर